उद्या बोलता आलं नाही तर: कमी भाड्याच्या वसाहतीत उपचारांची आगाऊ तयारी करून घेणाऱ्यांसाठी

पहिल्या खेपेला मी फॉर्म घेऊन गेले होते. तीस-चाळीस प्रती, तितकीच पेनं, तळमजल्यावरचा हॉल आणि भिंतीवर चिकटवलेली सूचना, अशी सगळी जय्यत तयारी होती. जमलेल्या मंडळींनी शांतपणे ऐकून घेतलं, माना डोलावल्या. मग पुढच्या रांगेतल्या एक मावशी फॉर्मवर बोट ठेवून म्हणाल्या, "बाई, यावर सही केली की आम्हाला वाचवायचं नाही, असंच ना?" हॉलमध्ये कोणी हललं नाही. मावशींनी विचारलं ते सगळ्यांच्याच मनात होतं. त्या दिवशी एकही सही झाली नाही, आणि झाली नाही तेच बरं.

हा लेख अशा वसाहतीत समाजसेवक, आरोग्यसेविका, कार्यालयातले मदतनीस किंवा नुसते शेजारी म्हणून हे काम पहिल्यांदा हाती घेणाऱ्यांसाठी आहे. काम काय, तर उद्या अपघात झाला, अर्धांगवायूचा झटका आला, स्मृती गेली आणि माणसाला स्वतःबद्दल सांगता येईना, तर त्याच्या वतीने कोण बोलेल आणि काय बोलेल हे त्याला आजच ठरवायला मदत करायची. फॉर्म भरणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. तो शेवटी येतो.

आधी शब्दांचा घोळ मिटवा

'इच्छापत्र' म्हटलं की लोकांना मालमत्ता आठवते. "माझ्याकडे वाटायला आहे काय? दोन भांडी आणि एक खाट," हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय की आता तो शब्द मी पहिल्या भेटीत काढतच नाही. मालमत्तेचं मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. आपण बोलतोय तो कागद माणूस जिवंत असताना, पण त्याला बोलता येत नसताना कामी येतो. हा फरक स्पष्ट केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कागद खरं तर तीन प्रकारचे असतात. पहिल्यात माणूस नेमला जातो, म्हणजे माझ्या वतीने उपचारांचा निर्णय कोण घेईल ते लिहिलं जातं. दुसऱ्यात इच्छा लिहिली जाते. त्यालाच लिव्हिंग विल म्हणतात. पुष्कळ ठिकाणी हे दोन्ही एकाच फॉर्मवर असतात. तिसरा कागद डॉक्टरांचा असतो. गंभीर आजारी माणसाशी बोलून 'हृदय थांबल्यास छाती दाबू नये' यासारखा वैद्यकीय आदेश ते लिहितात. या तिसऱ्या कागदात आपण हात घालायचा नाही. धडधाकट माणसाला त्याची गरजही नसते. मावशींच्या मनात नेमका हाच तिसरा कागद होता आणि मी त्यांच्यापुढे पहिला धरला होता.

कायदा देशागणिक बदलतो. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने अशा आगाऊ निर्देशाला मान्यता दिली, पण त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यापर्यंत जावं लागे. २४ जानेवारी २०२३ ला ती अट सैल झाली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून कागद नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेता येतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ च्या मानसिक क्षमता कायद्याप्रमाणे जीव वाचवणारा उपचार नाकारायचा असेल, तर ते लेखी, सहीचं आणि साक्षीदारासमोरचं असावं लागतं आणि 'जिवाला धोका असला तरीही' असं त्यात स्पष्ट लिहावं लागतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९७६ मध्ये पहिला कायदा केला. आज तिथे प्रत्येक राज्याचा फॉर्म वेगळा आहे. तुम्ही जिथे काम करताय तिथला चालू फॉर्म आणि साक्षीदारांचे नियम एका कागदावर उतरवून खिशात ठेवा. इंटरनेटवर सापडलेला भलत्याच देशाचा फॉर्म भरून घेतलेले लोक मी पाहिलेत.

पायरी १: स्वतःचा कागद भरा

ही पायरी गाळायचा मोह होतो. गाळू नका. मी स्वतःचा फॉर्म घेऊन बसले तेव्हा 'प्रतिनिधीचं नाव' या पहिल्याच ओळीवर तीन दिवस अडले होते. नवऱ्याचं नाव लिहावं तर तो रक्त पाहिलं की हबकतो, बहिणीचं लिहावं तर ती माझं ऐकेल का हा प्रश्न. ते तीन दिवस अनुभवल्यावर दुसऱ्याला "लिहा ना, सोपं आहे" असं म्हणणं मला जमलं नाही. शिवाय रहिवासी विचारतातच, "तुम्ही भरलाय का?" तेव्हा पिशवीतून स्वतःचा कागद काढून दाखवता आला पाहिजे.

पायरी २: तुम्ही कोण, हे आधी सांगा

कमी भाड्याच्या घरात राहणाऱ्याच्या दारावर हातात कागद घेऊन येणारं माणूस सहसा चांगली बातमी आणत नाही. थकलेलं भाडं, तपासणी, घर रिकामं करण्याची नोटीस, उत्पन्नाचा पुरावा. तेव्हा पहिल्या वाक्यातच हे सांगून टाका: याचा घराशी, भाड्याशी, कुठल्याही लाभाशी काही संबंध नाही. नाही म्हणालात तरी काही बिघडत नाही. तुम्ही जे सांगाल ते कार्यालयाच्या फाइलमध्ये जाणार नाही.

आणि खरोखरच जाऊ देऊ नका. तुम्ही व्यवस्थापनाकडून पगार घेत असाल तर हे दुप्पट जपा. एखाद्याचा आजार, त्याची स्मृती कमी होत चालल्याची शंका, रात्री पडल्याची हकिगत या गोष्टी कार्यालयात पोचल्या, की 'याला एकट्याने राहणं झेपेल का' ही चर्चा सुरू होते आणि घर हातचं जाईल या धास्तीने माणूस गप्प होतो. एकदा ही धास्ती बसली की त्या मजल्यावर पुन्हा तुमच्याशी कोणी बोलणार नाही.

भेट माणसाच्या घरात घ्या, तो म्हणेल तेव्हा घ्या. हॉलमध्ये माहिती द्यावी, निर्णय मागू नयेत. चष्मा, कानाचं यंत्र, औषधांच्या वेळा याकडे लक्ष असू द्या. कित्येक वयस्कर माणसं सकाळी दहाला तल्लख असतात आणि संध्याकाळी सहाला गोंधळलेली. भाषेची अडचण असेल तर घरातल्या लहान मुलाला दुभाषा करू नका. आजीच्या मरणाचं बोलणं नातवाच्या तोंडून जाऊ नये, आणि ते पोर अवघड शब्द गाळतंच.

पायरी ३: बोलणं सुरू करा, मरणापासून नव्हे

"तुम्हाला शेवटी काय हवंय?" असा प्रश्न विचारला की माणूस छताकडे बघतो. त्यापेक्षा भूतकाळातून आत शिरा. "तुमच्या जवळचं कोणी बराच काळ हॉस्पिटलमध्ये होतं का? तिथे काय बरं झालं, काय नको होतं असं वाटलं?" हा प्रश्न मला आजवर सहसा दगा देत नाही. कोणी भावाचं सांगतं, कोणी आईचं. "शेवटचे दहा दिवस हात बांधून ठेवले होते तिचे, नळ्या ओढते म्हणून." यातून त्या माणसाला काय सोसवत नाही ते आपोआप कळतं, आणि ते त्याच्या स्वतःच्या शब्दांत कळतं.

पुढचे प्रश्न असेच साधे ठेवा. चांगला दिवस म्हणजे तुमच्यासाठी कसा दिवस? काय करता आलं नाही तर जगण्यात राम वाटणार नाही? कशाची सगळ्यात जास्त भीती वाटते, दुखण्याची, एकटेपणाची, की दुसऱ्यावर भार होण्याची? एका काकांचं उत्तर होतं, "खिडकीतून रस्ता दिसला पाहिजे, बास." हे मी जसंच्या तसं लिहून घेतलं. डॉक्टरला त्यातून उपचार ठरवता येणार नाहीत, पण माणूस समजतो.

शब्द फुटत नसतील तर पत्त्यांचा आधार घेता येतो. 'गो विश' नावाचा ३६ पत्त्यांचा एक संच आहे. 'वेदना नसाव्यात', 'कुटुंब जवळ असावं', 'भार होऊ नये' अशा गोष्टी एकेका पत्त्यावर लिहिलेल्या असतात आणि माणसाने त्यांचे 'फार महत्त्वाचं', 'थोडं महत्त्वाचं', 'महत्त्वाचं नाही' असे तीन ढीग करायचे असतात. जुन्या पुठ्ठ्यांवर स्वतःच्या भाषेत पंधरा-वीस पत्ते लिहिले तरी काम भागतं. वाचता न येणाऱ्यांना एकेक पत्ता वाचून दाखवायचा, ढीग त्यांनी करायचा. हात चालू झाले की तोंडही चालू होतं.

आता मावशींचा प्रश्न. गरिबाला उपचार कमी मिळतात ही भीती हवेतून आलेली नाही. ज्यांनी बाकावर तासन् तास वाट पाहिलीय, पैसे नाहीत म्हणून चाचणी टाळलीय, त्यांच्याशी वाद घालायला जाऊ नका. त्यांचं म्हणणं ऐकून घ्या आणि मग चार गोष्टी सांगा. एक, तुम्हाला बोलता येतंय तोवर हा कागद झोपलेला असतो, तुमचा शब्दच चालतो. दोन, यावर 'माझ्यासाठी शक्य ते सगळं करा' असंही लिहिता येतं, आणि पुष्कळ लोक तसं लिहितात. तीन, मन बदललं की फाडून टाका, नवा करा. चार, सक्ती कोणालाच करता येत नाही. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने तर सरकारी योजनांचे पैसे घेणाऱ्या हॉस्पिटलांवर दोन्ही बंधनं घातली: रुग्णाला या हक्काची माहिती द्यायची, पण कागद आहे की नाही यावरून उपचारात फरक करायचा नाही.

मी आणखी एक सांगते, आणि हे माझं मत आहे. ज्याच्या मागे कोणी नाही, ज्याच्याबद्दल काही लिहून ठेवलेलं नाही, त्याचे निर्णय त्याचं नावही नीट न वाचलेली माणसं घेतात. कागद नसण्याने गरिबाचं रक्षण होत नाही.

एका बैठकीत सगळं उरकू नका. पहिल्या भेटीत नुसत्या गप्पा झाल्या तरी पुष्कळ झालं. कोणी म्हणालं, "मला काही सांगू नका, माझ्या मुलीला विचारा," तर तोही निर्णयच आहे. तसा लिहून घ्या. कोणी दार लावून घेतलं तर महिन्या-दोन महिन्यांनी एकदा सहज विचारा आणि मग सोडून द्या.

पायरी ४: माणूस निवडा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. फॉर्ममधलं बाकी काहीही कोरं राहिलं तरी चालेल, हे नाव कोरं राहू नये. पुढे कुठला आजार येईल, कुठला प्रश्न उभा राहील हे आज कोणाला माहीत? कागद प्रश्नांना उत्तर देत नाही, माणूस देतो.

लोकांना वाटतं, जवळचा नातेवाईक तोच. कधी कधी तो सगळ्यात अयोग्य असतो. तुमचं म्हणणं त्याला पटत नसलं तरी तो तेच पुढे मांडेल का? डॉक्टर घाईत असताना थांबवून विचारेल का? रात्री फोन उचलेल का? गावात असतो, की येईपर्यंत दोन दिवस जातील? बाकीच्या नातेवाइकांचा आरडाओरडा त्याला झेपेल का? हे प्रश्न मी मोठ्याने विचारते आणि मग गप्प बसते. बऱ्याचदा थोरल्या मुलाचं नाव जाऊन धाकट्या सुनेचं येतं.

नाव लिहिलं की काम झालं, असं नाही. २००६ मध्ये सोळा अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा असं दिसलं की आपल्या माणसाला कोणता उपचार हवा असेल याचा नातेवाइकांचा अंदाज फक्त ६८ टक्के वेळा बरोबर येतो. म्हणजे तिनातला जवळजवळ एक चुकतो, तोही आयुष्यभर एकत्र राहिलेल्यांचा. म्हणून नेमलेल्या माणसाला हे सगळं आज, तोंडाने सांगितलं गेलंच पाहिजे. मी सरळ म्हणते, "आत्ता फोन लावूया का त्यांना?" फोन स्पीकरवर ठेवायचा, रहिवाशानेच बोलायचं, आपण फक्त अडलं तिथे शब्द पुरवायचा. समोरच्याने "मला नाही जमणार" म्हटलं तर ते आज कळलं हे उत्तमच. दुसरं नाव घ्या. राखीव म्हणून आणखी एक नाव असू द्या.

नाव नसलं तर काय होतं याचं जगाला ठाऊक असलेलं उदाहरण अमेरिकेतल्या टेरी शायवो यांचं. १९९० मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी त्यांचं हृदय थांबलं, मेंदूला कायमची इजा झाली. लेखी काहीच नव्हतं. तिला काय हवं होतं यावरून नवरा आणि आईवडील यांच्यात वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चालले, ते ३१ मार्च २००५ ला त्यांचा मृत्यू होईपर्यंत. दोन्ही बाजूंना आपणच तिला ओळखतो असं वाटत होतं.

आता अवघड भाग. अशा वसाहतीत कोणीच नसलेली माणसं बरीच भेटतात. मुलं बोलत नाहीत, भाऊ कुठे आहे ठाऊक नाही, बायको गेली. "कुणाचं नाव घालू?" असं विचारून ती कागद परत करतात. अशा वेळी रक्ताच्या नात्यातून बाहेर या. प्रतिनिधी नातेवाईकच असावा अशी सक्ती पुष्कळ कायद्यांत नाही. रोज दारावर टकटक करणारी शेजारीण, जुना सहकारी, प्रार्थनेच्या ठिकाणचा स्नेही, कोणीही सज्ञान आणि विश्वासू माणूस चालू शकतं. दुरावलेल्या मुलाने निर्णय घेऊ नये अशी इच्छा असेल तर तेही लिहिता येतं. एक गोष्ट मात्र पाळा: तुम्ही स्वतः, वसाहतीचे कर्मचारी किंवा उपचार करणारे डॉक्टर यांनी प्रतिनिधी होऊ नये. बऱ्याच ठिकाणी कायदाच तसं होऊ देत नाही, आणि होऊ देत असला तरी ज्याच्या हाती घराची किल्ली आहे त्याच्या हाती हा निर्णय नसावा.

खरंच कोणी मिळालं नाही तर इच्छा अधिक तपशिलाने लिहा, कारण बोलायला फक्त तो कागदच असणार. आणि ज्यांच्याशी तो माणूस मोकळेपणी बोलतो त्यांना हे विषय कानावर घालायला सांगा. नुसतं बोलणंही वाया जात नाही. नॅन्सी क्रूझन या अमेरिकन तरुणीचा १९८३ मध्ये मोटार अपघात झाला आणि ती कधीच शुद्धीवर आली नाही. १९९० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की तिच्या इच्छेचा स्पष्ट आणि खात्रीचा पुरावा मागण्याचा राज्याला अधिकार आहे. त्यानंतर तिच्याबरोबर पूर्वी काम केलेले लोक पुढे आले आणि तिने त्यांच्याशी केलेलं बोलणं त्यांनी न्यायाधीशांना सांगितलं. तिला नळीने अन्न देणं थांबवायचं की नाही, हा निर्णय त्या बोलण्यावर फिरला.

पायरी ५: उपचार समजावा, मग इच्छा लिहा

नुसतं 'सगळं करा' किंवा नुसतं 'काही करू नका' एवढंच लिहिलं तर डॉक्टरला त्याचा फारसा उपयोग होत नाही. त्याच्या मागचं कारण काढा.

सीपीआर म्हणजे हृदय थांबल्यावर छाती जोरात दाबणं, वीजझटका देणं. पडद्यावर हे केलं की माणूस डोळे उघडतो. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या काही लोकप्रिय टीव्ही मालिका तपासल्या तेव्हा त्यांत सीपीआर दिलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश रुग्ण त्या वेळी वाचताना दिसले. प्रत्यक्षात हॉस्पिटलमध्ये हृदय थांबलेल्या चार-पाच जणांतला साधारण एक घरी जातो. थकलेल्या, अनेक आजार असलेल्या म्हाताऱ्या शरीरात प्रमाण आणखी कमी. बरगड्या मोडू शकतात. हे घाबरवायला सांगायचं नाही, पण लपवायचंही नाही. तरणाताठा माणूस हे ऐकून "मग करा ना, एक तर वाचतो!" म्हणाला होता, आणि त्याचं बरोबर होतं.

व्हेंटिलेटर म्हणजे घशातून नळी घालून यंत्राने श्वास देणं. त्या काळात बोलता येत नाही, बहुधा गुंगीत ठेवतात. न्यूमोनियातून बरं होईपर्यंत आठवडाभर ते असणं वेगळं, आणि परतायची आशाच नसताना महिनोन् महिने असणं वेगळं. नळीने अन्न देणं, डायलिसिस यांचंही तेच. म्हणून 'व्हेंटिलेटर नको' असं लिहून मोकळं होण्यापेक्षा असं लिहिलेलं बरं: 'बरं होऊन माझ्या घरी परतण्याची शक्यता असेल तर काही दिवस लावून पाहा. डॉक्टरांनी आशा नाही सांगितलं तर काढा.' डॉक्टर याला ठरावीक मुदतीची चाचणी म्हणतात आणि हा पर्याय आहे हे लोकांना कोणी सांगतच नाही. भाषा साधी असू द्या, पण नाकारायचा उपचार असेल तिथे कायद्याला लागणारे नेमके शब्द घालायला विसरू नका.

आणखी एक वाक्य मी नेहमी वाचून दाखवते: काहीही नाकारलं तरी वेदना, धाप, अस्वस्थपणा यांवरचे उपचार थांबत नाहीत. वेदनाशामक सेवा ही हार मानल्यावर मिळणारी गोष्ट नाही, ती बाकीच्या उपचारांबरोबर सुरू होऊ शकते. हे ऐकल्यावर पुष्कळांचे खांदे सैल पडताना मी पाहिलेत.

तुमचं मत विचारतील. "तुम्ही माझ्या जागी असता तर?" मी सांगते की मी तुमच्या जागी नाही. जरा कोरडं वाटतं, पण इथे तेच प्रामाणिक उत्तर आहे. औषधांचे, आजाराच्या वाटचालीचे प्रश्न एका कागदावर लिहून त्यांच्या डॉक्टरकडे पाठवा. शक्य असेल तर त्या भेटीला सोबत जा.

आणि जो निर्णय तुम्हाला चुकीचा वाटतो तोही लिहून घ्या. माणसाला निर्णय समजतो का, आठवणीत धरता येतो का, तोलता येतो का, सांगता येतो का, एवढंच बघायचं. शहाणपणाचा निर्णय घेणं ही क्षमतेची अट नाही. शंका आली तर डॉक्टरांना तपासू द्या, तुम्ही ठरवू नका. विसराळूपणा नुकताच सुरू झालेल्या माणसाकडे मात्र आधी जा, कारण त्याच्याकडे वेळ थोडा असतो.

पायरी ६: सही आणि साक्षीदार

इथे घाई नडते. साक्षीदार कोण चालतात, किती लागतात, नोटरी लागतो का, हे खिशातल्या कागदावर बघा. प्रतिनिधी, वारस, उपचार करणारे आणि वसाहतीचे कर्मचारी साक्षीदार म्हणून टाळावेत. खाटेवरून न उठणाऱ्यांसाठी नोटरीला किंवा अधिकाऱ्याला घरी आणायची व्यवस्था आधीच करून ठेवा, नाहीतर सगळी मेहनत करून कागद सहीवाचून पडून राहतो. अंगठा लावणाऱ्याला पूर्ण मजकूर वाचून दाखवा आणि वाचून दाखवल्याची नोंद करा.

आपण जवळ बसण्याने फरक पडतो का? मिनियापोलिसमध्ये २६२ बेघर माणसांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत काहींना नुसता फॉर्म आणि लेखी सूचना दिल्या, काहींना समुपदेशकाने जवळ बसून मदत केली. नुसता फॉर्म मिळालेल्यांपैकी सुमारे १३ टक्क्यांनी तो पूर्ण केला, मदत मिळालेल्यांपैकी सुमारे ३८ टक्क्यांनी. अशा माणसांना या विषयात रस नसतो, असं कोणी म्हणालं तर मी हे आकडे सांगते.

पायरी ७: कागद सापडला पाहिजे

एका काकांचा कागद आम्ही फार नीट केला होता. दोन साक्षीदार, शिक्के, सगळं. चार महिन्यांनी ते रात्री कोसळले. ॲम्ब्युलन्सवाले आले, दार तोडून आत शिरले, त्यांना उचलून घेऊन गेले. हॉस्पिटलमध्ये कोणालाच काही ठाऊक नव्हतं. प्रतिनिधी असलेल्या पुतण्याला तिसऱ्या दिवशी कळलं. कागद होता गादीखाली, प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी रबराने बांधलेली, त्यावर आणखी एक पिशवी. ज्याचं सामान कधी ना कधी रस्त्यावर आलेलं असतं, तो महत्त्वाचा कागद असाच जपतो. मीच विचारायला हवं होतं, "हा ठेवणार कुठे?"

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. एक ठळक रंगाचं पाकीट, मोठ्या अक्षरांत 'वैद्यकीय कागद', दाराच्या आतल्या बाजूला किंवा फ्रिजवर चिकटवलेलं. आत कागदाची प्रत, औषधांची यादी, ॲलर्जी, डॉक्टरचं नाव, प्रतिनिधीचे दोन फोन नंबर. खोलीत इतर कोणी येत-जात असेल आणि ते उघड नको असेल तर पाकिटात फक्त नाव आणि नंबर ठेवा, मूळ कागद प्रतिनिधीकडे. एक प्रत हॉस्पिटलच्या किंवा दवाखान्याच्या फाइलमध्ये लागली पाहिजे, आणि ती लागली की नाही हे पुढच्या भेटीत विचारून खात्री करा. पाकिटात मावेल एवढं एक कार्ड खिशात.

मोबाइलवर लॉक असतानाही दिसेल अशी तातडीची माहिती भरता येते. भरून द्या. पण कमी पैशात जगणाऱ्यांचे नंबर बदलत राहतात, रिचार्ज संपतो, फोन हरवतो. म्हणून नंबर कागदावर हवेतच, आणि ते पेन्सिलने लिहा.

पायरी ८: पुन्हा उघडा

दर वर्षी एकदा, आणि मधे काही घडलं तर तेव्हा: जवळचं कोणी गेलं, घटस्फोट झाला, नवा आजार निघाला, तब्येत खालावली, घर बदललं. घर बदलणं यादीत मुद्दाम घातलंय, कारण पाकीट जुन्या दारावरच राहतं. बदल केला तर जुन्या सगळ्या प्रती परत घेऊन फाडा. दोन वेगवेगळे कागद हाती आले की हॉस्पिटल गोंधळात पडतं.

फॉर्मवर नसलेल्या गोष्टी

माणूस तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये राहिला तर भाडं कोण भरेल? किती दिवस घर बंद राहिलं की ताबा जाण्याचा धोका आहे? किल्ली कोणाकडे? हे प्रश्न कुठल्याही वैद्यकीय फॉर्मवर नाहीत, पण मी पाहिलंय की डोक्यात हेच असतात म्हणून माणसं उपचाराला जायचंच टाळतात. वसाहतीचे नियम वाचा, गैरहजेरीची सूचना कशी द्यायची ते लिहून द्या, आणि भाड्याची सोय करायला विश्वासू माणूस ठरवा. पैशाचे व्यवहार करण्याचा अधिकार मात्र वेगळ्या कागदाने द्यावा लागतो, वैद्यकीय प्रतिनिधीला तो आपोआप मिळत नाही.

चौथ्या मजल्यावरचे एक आजोबा पाच भेटींत एका शब्दाने पुढे सरकले नाहीत. छातीत दुखत होतं, तपासणीला जात नव्हते, फॉर्मकडे बघत नव्हते. सहाव्या भेटीत त्यांची मांजर माझ्या पिशवीवर येऊन बसली आणि मी उगाच विचारलं, "तुम्ही नसताना हिला कोण बघतं?" आजोबा बराच वेळ मांजरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "तेच तर." आम्ही समोरच्या खोलीतल्या ताईंना बोलावलं. त्या मांजर सांभाळायला तयार झाल्या, किल्ली ठेवायलाही. आजोबांनी फॉर्म ओढून घेतला आणि प्रतिनिधीच्या ओळीवर बोट ठेवून ताईंना विचारलं, "हेही करशील का?"